पाय टेकणारी गाडी

माझ्या लायसन्सवर ‘विदाउट गिअर’ असं छापलेलं आहे, हे मला बारा वर्षांत कधी खटकलं नव्हतं. खटकलं ते मार्च २०२५मध्ये, जळगावच्या एका शोरूममध्ये. यामाहा आर१५वर बसून झालं, आरशात स्वतःकडे बघून झालं, मग मी टेस्ट राइड मागितली. तिथल्या पोराने लायसन्स उलटसुलट करून परत हातात दिलं. “मॅडम, यावर फक्त स्कूटी.” आणि लगेच माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाला, “सर, तुम्ही मारता का चक्कर?” सरांना स्पोर्ट बाइकमध्ये काडीचा रस नाही. ते एसीखाली उभे होते.

मी भुसावळला राहते. नोकरी जळगाव एमआयडीसीतल्या एका चटईच्या कारखान्यात, हिशोब विभागात. जाऊन-येऊन साधारण ५४ किलोमीटर. आधी काही वर्षं रेल्वेचा पास होता, पण सुटण्याची वेळ कारखान्याची आणि गाडीची कधी जुळली नाही, म्हणून स्कूटर सुरू झाली. हायवे चौपदरी झाल्यापासून रस्ता चांगला आहे, पण ट्रकही त्याच वेगाने जातात. नशिराबादच्या आसपास बाजूने कंटेनर गेला की स्कूटर आधी त्याच्याकडे ओढली जाते आणि मग बाहेर फेकली जाते. छोटी चाकं, हलका पुढा. मोठ्या चाकाची गाडी हवी, इतकं नक्की होतं. पण मग रोजच्या वापराची साधी कम्युटर का नाही, स्पोर्टच का, असं सासूबाईंपासून कारखान्याच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांनी विचारलं. वारा अडवायला पुढे फेअरिंग, म्हणजे प्लास्टिकचं आवरण असतं, असं मी सांगायचे. खरं कारण इतकंच की मला ती दिसायला आवडते. रविवारी सातपुड्याच्या पायथ्याने फिरावं, अजिंठ्याचा घाट चढावा, अशी हौसही होती.

तर आधी लायसन्स. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर बहुतेक जण पहिल्याच पायरीवर चुकतात. जुनं लायसन्स असताना ‘नवीन लर्निंग’चा अर्ज भरतात आणि तो अडकतो. आपला लायसन्स क्रमांक टाकायचा आणि नवीन वर्ग जोडण्याचा पर्याय घ्यायचा: मोटारसायकल विथ गिअर. चाळिशीच्या आत असाल तर डॉक्टरचा दाखला लागत नाही, फॉर्म १ मधलं स्वतःचं निवेदन पुरतं. आधार जोडलेलं असल्याने माझी परीक्षा घरबसल्या झाली. आधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पूर्ण बघावा लागला, पुढे ढकलता येत नव्हता. मी १२ एप्रिलला रात्री, मुलगी झोपल्यावर बसले. कॅमेऱ्यात दुसरं कुणी दिसलं की अडचण, म्हणून नवऱ्याला बाल्कनीत बसवलं. पास झाले, गिअरच्या गाडीचं लर्निंग लायसन्स मिळालं. खर्च दोनशेच्या आसपास.

लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्क्या परीक्षेला ३० दिवस झाल्याशिवाय बसता येत नाही. म्हणजे शिकायला महिना होता आणि मध्ये आखाजी येत होती. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते, अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो आणि सासुरवाशिणीला माहेरची सुट्टी मिळते ती या सणाला. त्या वर्षी ३० एप्रिलला होती. माझं माहेर अमळनेर तालुक्यात. बायका झोक्यावर, पुरुष पारावर पत्ते कुटत, आणि मी भावाची स्प्लेंडर घेऊन कपाशी उपटून रिकाम्या झालेल्या रानात. आईने ओट्यावरूनच आवाज दिला, “आते तू फटफटी चालावशी का व बाई?” म्हणजे आता तू मोटारसायकल चालवणार का. मी हो म्हटलं. ती सांजोऱ्या तळायला आत गेली, ती खिडकीतून बघत होती हे मला नंतर वहिनीने सांगितलं.

पहिल्या दिवशी मी गाडी अकरा वेळा बंद पाडली. भाऊ मोजत होता. त्याने मला ॲक्सिलरेटरला हातच लावू दिला नाही, ही त्याची हुशारी. गाडी चालू, पहिला गिअर, आणि फक्त क्लच हळूहळू सोडायचा. स्प्लेंडर नुसत्या क्लचवर मुंगीच्या पावलाने पुढे सरकते. ती सरकायला लागते नेमका तो बिंदू बोटांना कळला की अर्धी मोटारसायकल आली. “ताई, बोटं उघडू नको, बोटं वितळू दे,” असं तो म्हणायचा. चौथ्या दिवशी बोटं वितळली.

एक गोष्ट मात्र त्याने सांगितली नाही, कारण त्यालाच माहीत नव्हती. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबत जायचे असतात. स्पोर्ट बाइकला पहिला खाली आणि बाकी सगळे वर उचलायचे. स्प्लेंडरवर शिकून स्पोर्ट बाइक घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचा.

मेमधल्या एका शनिवारी जळगावला शोरूम फिरायला गेलो, भाऊ आणि मी. ऊन मेचं. खिशात कांदा, डोक्याला ओलं उपरणं. हा दिवस मी मुद्दाम निवडला नव्हता, पण फेअरिंगवाली गाडी खानदेशात मे महिन्यातच बघावी, असं आता माझं मत आहे. लर्निंगवर मागे फक्त लायसन्सवाला शिकवणारा बसू शकतो. एका शोरूमने याच अटीवर चावी दिली, भाऊ मागे बसेल म्हणून. आर१५च्या मागच्या सीटवर माझा ऐंशी किलोचा भाऊ बसला तेव्हा शोरूममधले सगळे बाहेर आले.

गाडी सुरेख आहे. १५५ सीसी, वजन १४१ किलो, क्लच लोण्यासारखा. इंजिन वर फिरत गेलं की गाडी आणखी जोर धरते. पण सीट ८१५ मिलिमीटरवर, माझी उंची पाच फूट दोन इंच. दोन्ही पायांचे अंगठे टेकत होते, बाकी सगळं हवेत. हँडल खाली, त्यामुळे अंगाचा भार मनगटांवर. सिग्नलला थांबलो, रेडिएटरचा पंखा सुरू झाला आणि भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ नडगीवर आली. आणि तिथेच मी ते केलं. निघताना पहिला, मग दुसरा, आणि तिसरा टाकायला सवयीने पाय खाली दाबला. दुसऱ्याचा पहिला झाला. इंजिन किंचाळलं, गाडीने गचका दिला, भावाचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आदळलं. स्लिपर क्लच असल्यामुळे मागचं चाक अडकलं नाही, हे मला नंतर वाचून कळलं. तेव्हा फक्त भाऊ म्हणाला, “ताई, घरी चल.”

त्या दिवशी केटीएम आरसी २००वरही बसले. सीट ८३५ मिलिमीटर. उतरले.

१० जूनला आरटीओत पक्की परीक्षा. भावाची स्प्लेंडर, पुढे-मागे लाल ‘एल’, पीयूसी आणि विमा सोबत. कागद नसलेली गाडी परीक्षेला चालत नाही, बरेच जण तिथून परत जातात. आठ आकड्याच्या ट्रॅकवर दुसऱ्या वळणाला मी पाय टेकला. नापास. साहेबांनी ओरडलं वगैरे काही नाही, नुसती मान हलवली. सात दिवसांनंतर पुन्हा बसता येतं. ते सात दिवस संध्याकाळी मोकळ्या जागेत चार विटा मांडून आठ काढत होते. माझी चूक कळली: मी पुढच्या चाकाकडे बघत होते. वळणाच्या टोकाकडे बघितलं की गाडी आपोआप तिकडे जाते. आणि पुढचा ब्रेक अजिबात नाही, मागचा किंचित दाबून ठेवायचा. १८ जूनला पास. परीक्षा, वर्ग जोडणी आणि कार्ड मिळून हजारावर थोडे गेले. कार्ड पोस्टाने यायला तीन आठवडे लागले, पण डिजिलॉकरमध्ये आधीच दिसायला लागलं होतं.

जुलैत पाऊस सुरू झाल्यावर शोरूम रिकामी असतात आणि टेस्ट राइड मनासारखी मिळते. या फेरीत मी नियम केला होता की चालवण्याआधी गाडी ढकलून बघायची. शोरूमसमोर बहुतेक वेळा उतार असतोच. त्या उतारावर सीटवर बसून, फक्त पायांनी गाडी मागे घ्यायची. पल्सर आरएस २००चं इंजिन मला फार आवडलं, हायवेवर तीच सगळ्यात निवांत धावली असती. पण वजन १६६ किलो. उतारावर ती मागे येईना, उलट मलाच पुढे घेऊन निघाली. सेल्समनने मागून कॅरिअर धरलं. आमच्या गल्लीत गाडी रोज वळवून लावावी लागते आणि सकाळी सातला मागून धरायला कोणी नसतं.

मग सुझुकी जिक्सर एसएफ, १५५ सीसीवाली. सीट ७९५ मिलिमीटर. कागदावर आर१५पेक्षा फक्त दोन सेंटिमीटर कमी, पण बसल्यावर माझे दोन्ही चवडे पूर्ण टेकले. वजन १४८ किलो, म्हणजे आर१५पेक्षा जास्तच, तरी पाय नीट टेकल्यामुळे हलकी वाटली. हँडल तितकं खाली नाही. इंजिन हवेवर थंड होणारं, ताकद १३.६ पीएस, आर१५च्या १८.४पुढे कमीच. ओव्हरटेक करताना ते जाणवतं, खोटं कशाला बोलू. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी सोय, फक्त पुढच्या चाकाला आहे, हेही मला अजून खुपतं; आर१५ला दोन्ही चाकांना मिळतं. अर्धा तास चालवून परत आले, मनगटं दुखत नव्हती. सिग्नलवर, पेट्रोल पंपावर, टोल नाक्याच्या कडेच्या खडीत मी कुठेच डगमगले नाही. माझ्या रोजच्या ५४ किलोमीटरमध्ये गाडी पळवणं फार थोडं आहे. थांबणं, वळवणं, ढकलणंच जास्त.

मध्ये सेकंडहँडचा मोह झाला. जळगावातच २०१९ची आर१५ ऐंशी हजारांना मिळत होती. एम-परिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला तर बँकेचा बोजा तसाच. मालक म्हणाला कर्ज फिटलंय. असेलही, पण बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ नसेल तर नाव बदलायचे फॉर्म २९-३० भरूनही गाडी नावावर होत नाही. दोन ई-चलनंही बाकी होती. शिवाय हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की टाकीला टेकत होतं, उजवीकडे नव्हतं. गॅरेजवाल्या काकांनी नुसतं बघून सांगितलं, “पडेल गाडी शे.” म्हणजे कधीतरी पडलेली. सोडली.

ऑगस्टमध्ये बुकिंग करणार, तोवर १५ ऑगस्टच्या भाषणात जीएसटी कमी होणार असं आलं. शोरूमवाले म्हणायचे, काही होत नाही, आज घ्या. मी थांबले. ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलचा निर्णय आला: ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींना २८ऐवजी १८ टक्के, २२ सप्टेंबरपासून. दहा टक्के स्वस्त होईल असं सगळे धरून बसले होते; तसं नसतं. १२८चे ११८ होतात, म्हणजे किंमत पावणेआठ टक्क्यांच्या आसपास उतरते. पण रोड टॅक्स त्याच किमतीवर लागतो, त्यामुळे तोही थोडा कमी होतो.

५ सप्टेंबरला पाच हजार भरून बुकिंग केलं आणि पूर्ण कोटेशन छापून मागितलं. हे नक्की करा. तोंडी ‘ऑन-रोड एवढे’ ऐकून येऊ नका. माझ्या कागदावर ‘हँडलिंग’ २,४०० आणि ‘ॲक्सेसरी किट कंपल्सरी’ ४,९०० होते. किटमध्ये काय आहे ते एकेक विचारत गेले: सीट कव्हर, टाकीचं स्टिकर, पावसाळी कव्हर. साडी गार्ड नियमात आहे, ते ठेवा, बाकी काढा म्हटलं. काढलं. हँडलिंगवर थोडा वेळ मॅनेजरसाहेब आणि मी एकमेकांकडे बघत बसलो, मग तेही गेलं. मी दिवसभर बिलंच तपासते, त्यांना ते माहीत नव्हतं.

शेवटी आकडे असे. शोरूम किंमत १ लाख ३५ हजारांच्या आसपास. त्यावर ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे पंधरा हजारांच्या जवळ. विमा साडेअकरा हजार. इथे एक गंमत आहे. नवीन दुचाकीला थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो आणि २०२५मध्ये ७५च्या वर १५० सीसीपर्यंत तो ३,८५१ रुपये होता, त्याच्या वर ३५०पर्यंत ७,३६५, वर जीएसटी. १५५ सीसीवाल्यांना ते वरचे पाच सीसी असे पडतात. नोंदणी, नंबर प्लेट, कार्ड धरून एकूण १ लाख ६३ हजार. हेल्मेट, जाळीचं जॅकेट आणि हातमोजे मिळून दहा हजार वेगळे. जॅकेट जाळीचंच घ्या, आपल्याकडे दुसरं घालवत नाही.

६३ हजार भिशीचे होते. लाखाचं कर्ज. शोरूममधला फायनान्सवाला ‘फक्त आठ टक्के’ म्हणत होता, पण तो फ्लॅट दर, म्हणजे हप्ते फिटत गेले तरी व्याज पूर्ण लाखावरच. तीन वर्षांत २४ हजार व्याज, हप्ता ३,४४४. आमच्या कामगारांच्या पतसंस्थेचा दर ११ टक्के, पण घटत्या शिलकीवर. हप्ता ३,२७४, व्याज अठरा हजारांच्या आत. अकरा हे आठपेक्षा स्वस्त कसं, हे नवऱ्याला पटवायला मला एक संध्याकाळ आणि एक वहीचं पान लागलं.

दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, गाडी द्यायला ते तयार होते, नंबर मागून येईल म्हणाले. मी नको म्हटलं. त्या दिवशी तिथे शंभरेक गाड्या हारात उभ्या होत्या, कोणाला काही नीट दाखवायला वेळ नव्हता. ६ तारखेला सोमवारी, अर्धी सुट्टी टाकून गेले. एमएच-१९ची प्लेट लावलेली, चेसिस नंबर कागदाशी जुळवून बघितला, टायरवरची तारीख बघितली, गाडीसोबत मिळणारं हेल्मेट मागून घेतलं. सासूबाईंनी लिंबू ठेवलं आणि म्हणाल्या, “हळू चालव, आणि मला मागे बसायला सांगू नकोस.” मागची सीट बघता त्यांचं बरोबर होतं.

चौथ्या दिवशी पडली. मी नाही, गाडी. घरासमोर नळासाठी खोदून बुजवलेली माती होती, साइड स्टँड तिथे लावला आणि दप्तर काढायला वळले. मागे वळून बघते तर गाडी सावकाश, एखाद्या म्हशीसारखी, आडवी होत होती. धावत जाऊन धरायचा मोह आवरला हे बरं. त्यात पाय मोडतात. फेअरिंगला वीतभर ओरखडा आणि क्लच लिव्हरचं टोक गेलं. उचलायची रीत: स्टँड बाहेर काढून ठेवायचा, गाडीकडे पाठ करून खाली बसायचं, एका हाताने हँडल, दुसऱ्याने सीटखालची पट्टी धरायची आणि पायांनी उठायचं, कमरेने नाही. मी ते मोबाइलवर बघितलेलं होतं. प्रत्यक्षात गल्लीतल्या दोन पोरांनी उचलली. आता दप्तरात पत्र्याचं एक चपटं झाकण असतं, माती दिसली की स्टँडखाली.

रोजचा प्रवास आता बदलला. कंटेनर अजूनही ढकलतो, पण गाडी तिची रेघ सोडत नाही. लिटरला ४६च्या आसपास पडते, म्हणजे दिवसाला सव्वाशे रुपयांचं पेट्रोल. ऑक्टोबरच्या उन्हात गुडघ्याला ऊब लागते, झळ नाही. मेचं मेमध्ये बघू.

पहिली सर्व्हिस झाल्यावर ९ नोव्हेंबरच्या रविवारी सातपुड्यातल्या पालला गेले, एकटीच. तापी ओलांडून बामणोद, फैजपूर, सावदा, रावेर. फैजपूरला चहा प्यायले. १९३६चं काँग्रेसचं अधिवेशन इथलं, खेड्यात भरलेलं पहिलं. टपरीवाल्या आजोबांना त्यापेक्षा गाडीत रस होता. “हाई कितलानी शे?” किंमत सांगितल्यावर म्हणाले, “एवढ्यात दोन म्हशी येतील.” रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. तिथे सांभाळा. कटाई चालू असते, घड भरलेल्या गाड्यांतून पानं आणि देठं रस्त्यावर पडतात, चाकाखाली चिरडून त्यांचा चिकट लगदा होतो. वळणावर तो तेलासारखा लागतो. मी दोनदा घसरता घसरता सावरले. मागच्या चाकाला एबीएस नाही, हे तिथे आठवलं. त्या पट्ट्यात मी चाळीसच्या वर गेले नाही, मागून स्प्लेंडरवाले हॉर्न देऊन पुढे गेले. पालच्या घाटात मात्र रस्ता कोरडा होता. वळणाच्या टोकाकडे बघत गेले.

गेल्या आठवड्यात आरसीचं कार्ड पोस्टाने आलं. पत्त्यात प्लॉट नंबर चुकलाय. अर्ज काढून बघितला, मीच १७चा ७१ लिहिला होता, तोही शोरूममध्ये बिल तपासण्याच्या तोऱ्यात असताना. दुरुस्तीला फॉर्म ३३ लागतो आणि गाडीवर बोजा असल्याने पतसंस्थेची संमती. पतसंस्था शनिवारी अकराला उघडते.